वरची बांगडी

रोशनीने तारेने देवीचा हात मनगटापासून कापला, मुठीत चेंदला आणि मातीच्या पाटीत टाकून दिला. धप्प आवाज झाला, तसे पलीकडे सिंहाच्या आयाळीवर बोटं फिरवत बसलेले वामनराव मागे न बघताच म्हणाले,

"पुन्हा कापला काय वं?"

"हाव."

"तिसऱ्या खेपेचा हा. काल तं जमला म्हणत होती."

"जमला होता, बाबा. जिवंत नव्हता."

वामनराव आयाळ कोरत राहिले. आलापल्लीच्या लाकूड डेपोत त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि सागाच्या ओंडक्यांशी राहून राहून त्यांच्या अंगी एक भारदस्त गप्पपणा आला होता. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली चांद्याला धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून घरात देव नव्हता. वामनरावांनी बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ केल्या नव्हत्या, पाळल्या होत्या. मुलीने अहेरीच्या चौकातल्या मंडळाची देवी करायला घेतली तेव्हा ते दोन दिवस जेवणापुरतंच बोलले. मुलीची कला, मुलीचं पोट, नाही म्हणायचं तरी कसं? तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन शेडमध्ये आले, देवीकडे पाठ करून बसले आणि त्यांनी सिंहाला हात घातला. "सिंहाचं मी पाह्यतो," ते म्हणाले, "सिंह सम्राट अशोकाचाबी होता." तेव्हापासून सिंहाचा मुलूख त्यांचा आणि देवीचा तिचा, अशी वाटणी झाली होती.

देवी जवळजवळ उभी राहिली होती. बांबूचा सांगाडा, त्यावर तणसाचे पेंढे सुतळीने आवळलेले, त्यावर प्राणहितेच्या काठची कोंडा मिसळलेली माती. चेहरा उतरला होता, आणि चांगला उतरला होता. आठ हातांपैकी सात हातांत शस्त्रं होती. शस्त्राचा हात सोपा असतो, मूठ वळली की काम झालं. घोडं अडलं होतं ते आठव्या हाताशी. पुढचा, उजवा, रिकामा हात.

या हाताची एक रीत होती. बाकीच्या सात मनगटांवर मातीच्याच बांगड्या कोरून रंगवल्या जात, पण या एका हातात खऱ्या हिरव्या काचेचा चुडा भरायचा. घटस्थापनेच्या सकाळी, मूर्ती शेडमधून हलण्याआधी. आणि तो भरायचा सुलतानाने. तीस वर्षं तीच भरत आली होती. तिचा नवरा नूरुद्दीन सायकलच्या कॅरिअरला बांगड्यांची पेटी बांधून आणायचा, आणि बांगड्या ती चढवायची.

आता मातीचा हात काही बाईच्या हातासारखा दाबला जात नाही. म्हणून रोशनीचे गुरू, म्हातारे मूर्तिकार बापूजी, एक युक्ती करत. हात सुटाच ठेवत. सुलतानाने बांगड्या मनगटाच्या खुंटावर चढवल्या की मग ओल्या मातीने हात जोडत आणि वरून रंग फासत. पाचव्या माळेला तिथे हटकून भेग पडायची, आणि बापूजी तिच्यावर झेंडूचा गजरा बांधायचे. आरतीला उभ्या राहणाऱ्या बायांना ते दिसत नसे. लहानपणी बापूजींच्या मागे मागे फिरणाऱ्या रोशनीला मात्र दिसायचं, आणि ती घरी येऊन विचारायची, की देवीचा हात तुटका का असतो?

यंदा बापूजींच्या हाताला कंप सुटला होता. मूर्ती पहिल्यांदाच रोशनीच्या नावावर होती. तिने ठरवलं होतं, हात अखंड करायचा. जिवंत बाईच्या हातावरून बांगडी जशी सरकते, तशी या हातावरून सरकली पाहिजे. त्यासाठी ती श्रावणभर आठवडी बाजारात सुलतानाच्या दुकानापाशी चित्रांची वही घेऊन बसली होती. धानाची रोवणी करून चिखलाने भेगाळलेले हात, तेंदूपानाने काळे पडलेले हात, तलाठी बाईचा हात, नव्या नवरीचा हात. असे चाळीस हात तिने काढले होते. बांगडी चढताना सगळ्या बाया एकच करायच्या. हात सोडून द्यायच्या आणि तोंड दुसरीकडे फिरवायच्या. तो सोडून दिलेला हातच तिला देवीला द्यायचा होता. चाळीस हातांचं सार काढून तिने तीन हात घडवले, आणि तिन्ही मेलेले निघाले.

दुपारी मंडळाचा अध्यक्ष प्रवीण आला. रोजच्यासारखा मोबाईलवर बोलत आला, पण देवीच्या चेहऱ्याकडे नजर जाताच बोलणं थांबवून त्याने फोन खिशात टाकला. रोशनीला ते बरं वाटलं.

"चेहरा पाहतच राहाव वाटते, ताई," तो म्हणाला. "पण हात?"

"होते."

"अमावास्येले चार-सहा दिवस राह्यले. वाळणार कधी, रंगणार कधी? माणसं विचारून राह्यली मले." मग तो जरा घुटमळला. "आणखी एक हाये. चुडा भराले सुलतानाबाई येत नाई म्हणते."

रोशनीने मान वर केली.

"कोणी काही बोललं काय त्यायले?"

"माह्या समोर तं नाई बोललं कोणी. नूरुद्दीनभाऊ गेले, आता पहिलंच नवरात्र. बाया काय कुजबुजल्या असतीन तं मले मालूम नाई. पण त्या सोताच म्हणाल्या, बांगड्या पाठवतो, भराले कोणी सवाशीण पाहा. आई भरून देईन म्हटलं मी." त्याची आई नीलाबाई. साधी, घाबरट, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई.

तो गेल्यावर बराच वेळ रोशनी पाटीतली माती नुसती मळत राहिली.

"जाऊन ये," सिंहाकडून आवाज आला.

"कुठी?"

"जिथी जाव वाटून राह्यलं तिथी."

सुलतानाचं घर मशिदीच्या मागच्या गल्लीत होतं. पितृपंधरवडा, कोणी बांगड्या भरत नाही, म्हणून बाजारातलं दुकान बंद ठेवून ती अंगणात बांगड्यांचे डझन सुताला ओवत बसली होती. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी मापं वेगवेगळ्या टोपल्यांत होती. तिची स्वतःची मनगटं उघडी होती. जिथे वर्षानुवर्षं चुडा होता तिथली कातडी जराशी उजळ राहिली होती, आणि रोशनीची नजर तिथे गेली ते सुलतानाला कळलं. तिने पदर मनगटांवर ओढून घेतला.

"बस वं. चहा मांडतो."

"चहा राहू द्या, चाची. तुम्ही काऊन नाई येत?"

सुलताना सूत ओवत राहिली. ती डावखोरी होती. डाव्या हाताने बांगडी चढवायची आणि उजव्याने गिऱ्हाइकाचा हात धरायची. त्या उजव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरात वाकडं होतं. एका लग्नघरी बांगडी वाढली आणि काच खोल शिरली, ते बोट पुन्हा सरळ झालंच नाही. त्या वाकड्या बोटावर सूत अडकवून तिने गाठ मारली.

"मोकळा हात घेऊन तिच्या हातात चुडा भरू?"

"कोण म्हणते असं?"

"कोणी म्हणाले कायले पाह्यजे? मलेच बरं नाई वाटत." तिने दुसरा डझन उचलला. "मी काही पूजा नाई करत, पोरी. हे तुलेबी मालूम हाये आन् आमच्या मोहल्ल्यालेबी. मी फक्त हात धरतो. बाजारात साऱ्यायचा धरतो, तसा तिचा. पण ते तेरावी..."

तेरावी म्हणजे वरची बांगडी. सुलताना डझनावर एक बांगडी नेहमी वर द्यायची, फुकट. पण देवीच्या डझनावरची तेरावी कोणालाच मिळायची नाही. बारा बांगड्या भरून झाल्या, की नूरुद्दीन पेटीतून ती वरची उचलायचा आणि सगळ्यांच्या देखत सुलतानाच्या हातात भरायचा. जन्मभर पेटी वाहणाऱ्या त्या माणसाने बायकोला भरलेली वर्षातली ती एक बांगडी. त्याला ते मुळीच जमायचं नाही, दरसाल तिच्या हाताला ओरखडा निघायचा, बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि सुलताना दरसाल लाजायची. रोशनीनेही ते लहानपणापासून पाहिलं होतं. तिला एकदम ते सगळं आठवलं आणि आपण काय विचारायला आलो याची लाज वाटली.

"बारा तं मी डोळे मिटून भरीन," सुलताना म्हणाली. "तेरावी घेऊन कोणाकडं पाहू?"

कोंबडीची पिल्लं अंगणात आली. तिने त्यांना हुसकलं आणि आवाज बदलून विचारलं,

"हात झाला काय तुहा?"

"नाई. कितीबी करा, मेलेलाच निघते. आणखी त्याच्यावरून बांगडी जाईन का नाई, ते बी समजत नाई."

हे बोलणं सुलतानाच्या धंद्याला लागलं. बांगडी जाईल की नाही, हे तिच्यावाचून अहेरीत कोण सांगणार होतं?

"उद्या येतो," ती म्हणाली. "हात पाहून देतो. चुडा नाई भरत, सांगून ठेवतो."

त्या संध्याकाळी रोशनीने चौथा हात घडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलताना आली. वामनरावांनी तिला स्टूल दिलं, चहाचं विचारलं आणि ते पुन्हा सिंहाकडे वळले. सुलताना देवीच्या चेहऱ्याकडे पाहत जरा उभी राहिली, मग खाली बसली आणि तिने लाकडी फळीवरचा तो ओला हात निरखला.

"चांगला केला. पण अंगठा बाहेर राह्यला. इथी अटकन."

"कसा पाह्यजे मंग?"

"असा," असं म्हणत सुलतानाने तो हात उचलला.

पुढे जे झालं ते तिच्या मनात नव्हतं. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. हात हातात येताच तिचा उजवा पंजा आपोआप त्याच्याभोवती बसला, अंगठा मुळाशी गेला, चार बोटं पलीकडून वळली आणि तोंडातून रोजचेच शब्द निघाले,

"ढिला सोड वं बाई."

आणि तिने दाबला.

माती ती माती. मऊ होती, दबली. बोटं एकमेकांवर चढली, करंगळी तुटून फळीवर पडली. सुलतानाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"या अल्ला! हे काय झालं वं माह्याच्यानं!"

"काही नाई झालं, चाची."

"चार दिवसाची तुही मेहनत..."

"कालचीच हाये. खरंच काही नाई."

पण सुलतानाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, आणि ते तुटक्या करंगळीपायी नव्हतं हे तिघांनाही समजत होतं. वामनराव सिंहाच्या पंजात नखं बसवत होते, त्यांनी मान आणखी खाली घातली. "पाह्य, मी यालेच नाई पाह्यजे होतं," असं म्हणून सुलताना उठली आणि चहा तसाच टाकून निघून गेली.

रोशनीने तार हातात घेतली. चेंदलेला हात पाटीत टाकायचा आणि पाचव्याला लागायचं, वेळ उरला नव्हता. तिने हात उचलला आणि ती थांबली.

अंगठ्याच्या मुळाशी एक खोल खड्डा पडला होता. मागच्या बाजूला चार बोटांच्या चार खाचा होत्या, आणि त्यांतली पहिली सरळ नव्हती, मधेच वळली होती. खाचांच्या तळाशी कातडीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. तिने आपली बोटं त्या खाचांत बसवून पाहिली. बसेनात. तिची बोटं बारीक होती. त्या मातीत दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता, आणि तो तिने घडवलेल्या कोणत्याही हातापेक्षा जिवंत होता.

तिने वही काढली. रोवणीचा हात, तेंदूचा हात, तलाठी बाईचा, नवरीचा. एकेक पान उलटताना तिला कानकोंडं वाटायला लागलं. प्रत्येक पानावर, हाताच्या मधोमध, एक कोरी जागा होती. तिथे सुलतानाचा हात होता. गिऱ्हाइकाचा हात नीट दिसू देत नाही म्हणून रोशनीने तो दर वेळी सोडून दिला होता. मधे येणारी वस्तू सोडून द्यावी तसा. चाळीस पानं, चाळीस कोऱ्या जागा. श्रावणभर समोर बसून तिने जो एकच हात पाहिला नव्हता, तो हा.

आणि तो काय करायचा? कोणाचाही हात धरायचा. चिखलाचा असो, मेंदीचा असो, जात न विचारता, घर न विचारता धरायचा. दुखणार हे आधीच माहीत असायचं, म्हणून बोलण्यात गुंतवायचा आणि दुखायच्या आत काम उरकायचा. रोशनी सात वर्षांची असताना तिचाही त्याने धरला होता. आई नुकतीच गेली होती, बाप तिला बाजारात घेऊन आला होता आणि बांगड्यांच्या टोपल्यांपुढे काय मागावं हे न कळून नुसता उभा राहिला होता. "आण वं इकडं," सुलताना म्हणाली होती. बांगड्या कोणत्या रंगाच्या होत्या ते रोशनीला आता आठवत नव्हतं. पकड आठवत होती. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

"बाबा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी उलटा हात करत होतो."

"म्हणजे?"

"घेणाऱ्या बाईचा करत होतो. देवी काय घेणारी हाये?"

वामनरावांनी बोटांची माती फडक्याला पुसली. देव या विषयावर त्यांचं मत ठाम होतं आणि ते त्यांनी आयुष्यात बदललं नव्हतं.

"ते मले नाई सांगता येत," ते म्हणाले. "पण तुही माय गेली तवा घरात पहिल्यांदा कोण आलं, ते मले मालूम हाये."

पाचवा हात एका दिवसात झाला. तो सुकायला ठेवला नाही, देवीच्या मनगटालाच अखंड लावला आणि खाली निखाऱ्यांची घमेली ठेवून हळूहळू वाळवला. भेग पडली नाही.

अमावास्येच्या दिवशी प्रवीण येऊन बघून गेला. मूर्ती रंगली होती, डोळे लिहून झाले होते. त्याने हाताकडे जरा वाकून पाहिलं.

"आशीर्वादाचा नाई वाटत हा."

"नाई."

"पुढं केला, पण उघडा नाई... आणखी हे बोट वाकडं झालं काय, ताई?"

"वाकडंच हाये ते."

त्याने डोकं खाजवलं. पण चेहऱ्याकडे पाहिल्यावर त्याची तक्रार करायची हिंमत झाली नाही, आणि वेळही नव्हता.

घटस्थापनेच्या सकाळी शेडपुढे ट्रॅक्टर सजून उभा राहिला. बाया जमल्या, ताशेवाले आले. सुलताना आली ती पेटी डोक्यावर घेऊन, पायी. तिने पेटी नीलाबाईंच्या पुढ्यात ठेवली, झाकण उघडलं, हिरव्या काचेच्या तेरा बांगड्या दाखवल्या आणि मागे सरकून बायांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिथून तिला देवीचा चेहरा दिसत होता, हात दिसत नव्हता. रोशनीने तिला हाक मारली नाही. मारावीशी फार वाटली, पण नाही मारली.

नीलाबाईंनी नमस्कार केला, हळदीकुंकू लावलं आणि पहिली बांगडी उचलली. देवीच्या हाताची बोटं कुणाचा तरी हात धरल्यासारखी वळलेली होती, अंगठा आत, मधे पोकळी. नीलाबाईंनी बांगडी समोरून लोटली. अडकली. तिरपी केली, पुन्हा अडकली. त्यांनी घाबरून जरा जोर केला, कट्कन आवाज झाला आणि हिरवी काच देवीच्या पायाशी पडली.

ताशा थांबला.

"बांगडी वाढली," कुणीतरी हळूच म्हणालं.

नीलाबाई वळल्या. आयुष्यात चारचौघांत एक वाक्य धड न बोललेली ती बाई बायांची रांग सारून थेट मागे गेली आणि सुलतानापुढे उभी राहिली.

"चाची, हे माह्याच्यानं नाई होत. तुमचं काम हाये, तुम्हीच या."

"नीलाबाई, माहा हात..."

"हात पाहूनच म्हणतो. या ना वं."

बायांनी वाट दिली. सुलताना पुढे आली. खाली मान घालूनच ती वाकली, पेटीतून डाव्या हाताने बांगडी घेतली आणि तीस वर्षांच्या सरावाने उजवा हात पुढे करून देवीचा हात धरला.

धरला, आणि ती तशीच राहिली.

तिचा अंगठा एका खोलगट जागी जाऊन बसला होता. तिची चार बोटं आत गेली होती आणि बाहेरून दुसऱ्या चार बोटांनी ती धरली होती, आवळून नाही, पण सुटणार नाहीत अशी. त्यांतलं पहिलं बोट मधल्या पेरात वाकडं होतं. सुलतानाने ते बोट पाहिलं. मग आपलं पाहिलं. मग तिने वर, देवीच्या चेहऱ्याकडे नाही, तर बाजूला उभ्या असलेल्या रोशनीकडे पाहिलं. रोशनीच्या नखांत अजून माती होती. तिने नजर खाली वळवली.

आजवर हजारो बायांचे हात सुलतानाने धरले होते. तिचा असा कुणी धरला नव्हता. जो धरायचा, त्याला ते जमत नव्हतं, आणि तो आता नव्हता. आवळून ठेवलेले तिचे खांदे जरा खाली आले, आणि मातीच्या त्या पकडीत तिचा हात, तिने न सोडता, आपोआप ढिला पडला.

"चाची?" प्रवीण म्हणाला.

"हाव, हाव. भरतो."

तिने बांगडी तिरपी धरली, अंगठ्याच्या बाजूने घातली, आपला हात पकडीतून फिरवत बाहेर घेतला, आणि बांगडी मनगटावर जाऊन बसली. मग दुसरी, मग तिसरी. बाया मोजत होत्या. फुटलेली सोडून बाराच उरल्या होत्या, त्यातल्या अकरा भरून झाल्यावर सुलताना थांबली. पेटीत एकच बांगडी राहिली. बारावी म्हणावी तर देवीची, वरची म्हणावी तर तिची.

सगळ्यांना वाटलं, ती चढवणार. तिने ती उचलली, देवीच्या बोटांपर्यंत नेली आणि त्या वाकड्या बोटात अडकवून सोडून दिली. बांगडी जरा हलली आणि तिथेच राहिली.

"अकराच भरल्या, चाची," प्रवीणने हात पुढे केला. "ते एक मागं लोटू काय?"

"लोटू नोको." सुलतानाने पेटीचं झाकण लावलं. "ते तिची नाई. माही हाये."

"मंग तिच्या हातात काऊन ठेवली?"

"ते मले भरून राह्यली," सुलताना म्हणाली.

प्रवीणला काही उमगलं नाही. नीलाबाईंना उमगलं असावं, कारण त्यांनी लेकाचा हात धरून त्याला मागे ओढलं. ताशा पुन्हा सुरू झाला. माणसांनी मूर्ती उचलून ट्रॅक्टरवर चढवली. वामनराव सिंहाला हात लावून, देवीकडे पाठ करून, शेवटपर्यंत सांभाळत गेले. ट्रॅक्टर हलला तशी ती एक बांगडी बोटाला लागून किणकिणत राहिली. सुलताना रिकामी पेटी काखेत धरून, दरवर्षी चालायची तशी, मागून चालू लागली.